नकाशावरचे तिसरे घर

हुबळी, २ नोव्हेंबर १९२२, गुरुवार

तुळशीचे लग्न उरकले आणि घरात खऱ्या लग्नाची घाई सुरू झाली. माझ्या भाचीचा, कमलचा, मुहूर्त एकोणतीस तारखेचा आहे. मिरजेची मंडळी आदल्या दिवशी गाडीने येतील. आज दुपारी पापडांचे पीठ कुटून झाले. सगळे लवंडले आहेत, मी ही नवी वही उघडून बसले आहे.

वहीचे वेड कॉन्व्हेंटातले. बेळगावला सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हा मुलींना शाळा सुटण्यापूर्वी पाच ओळी लिहायला लावत. विषय रोज एकच, आज माझ्या हातून काय चुकले. मी आठ वर्षांची होते, माझ्या हातून विशेष काही चुकते असे मला वाटत नसे, म्हणून मी शेजारच्या बाकावरच्या मुलीचे लिहीत असे. सिस्टर खाली तांबड्या शाईने लिहीत, ‘हे तिचे झाले. तुझे?’ त्यांचे हात साबणाच्या वासाचे होते. त्या शाळेइतकी स्वच्छ जागा मी पुन्हा कुठे पाहिली नाही. या गल्लीत तर नाहीच.

वहिनी, कमलची आई, गेल्या तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि मी नुकतीच विधवा होऊन भावाच्या दारात आले होते. दोघींनी एकमेकींना वाढवले म्हणायचे. आता ती एकोणीस वर्षांची आहे. एवढ्या वयाची मुलगी घरात म्हणून बायका हळदीकुंकवाला येतात आणि तिच्याकडे डोळे बारीक करून पाहतात.

तीन वर्षांपूर्वी तिचे सांगलीला ठरत आले होते. ते मोडले ते अण्णांच्या शब्दामुळे, हे मी त्यांना कधी बोलून दाखवले नाही. इथे लिहायला हरकत नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू, भीमराव डॉक्टर. त्यांनी पंचवीस वर्षे प्लेगच्या कामात घालवली. दुर्गदबैलाच्या बाजारामागच्या या आमच्या गल्लीत उंदीर पडू लागले की लोक त्यांच्याकडे येत. अण्णा मेलेला उंदीर काडीने उलटा करत, त्याची मान बघत, तो कुठल्या जागी कसा पडला होता ते विचारत, आणि सांगत, ‘निघा’ किंवा ‘राहा’. निघा म्हटले की सगळी गल्ली घरांना कुलपे घालून उणकलच्या वाटेवर माळावर झोपड्या बांधून राही. वीस वर्षांत त्यांचा शब्द चुकला नाही. मग एकोणीस साली त्यांनी निघा म्हटले, सगळे निघालो, आणि प्लेग आलाच नाही. शेजारच्या गोविंदशेटने धान्याच्या वखारीत सोमलाच्या गोळ्या टाकल्या होत्या, ते उंदीर त्याने मेले होते. माळावरच्या थंडीत एक म्हातारा गेला. कुलूपबंद घरांपैकी दोन चोरांनी फोडली. सांगलीचे लोक मुलगी बघायला आले ते झोपड्या बघून आल्या पावली परत गेले.

तेव्हापासून अण्णा उंदराकडे बघून सांगत नाहीत. मोजून सांगतात. त्यांनी गल्लीचा नकाशा काढून भिंतीला लावला आहे. ज्या घरात उंदीर पडेल त्या घरावर तांबड्या शाईचा ठिपका. एकमेकांना भिंत लागून नसलेल्या तीन घरांवर ठिपके आले की गल्ली रिकामी करायची, तोवर नाही. नियम सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात अण्णांनी घरात सगळ्यांना प्लेगची लस टोचली. आमची कामवाली सखूबाई तेवढी राहिली. टोचले की दोन दिवस हात वर होत नाही, आणि दिवाळीच्या फराळाचे दळण तिच्याशिवाय कोण करणार, म्हणून मीच तिला म्हटले, सावकाश टोचून घे.


६ नोव्हेंबर

किळस आली. सकाळी अंगणात सडा घालायला गेले तर आमच्या गटारात फुगलेला उंदीर. रात्रीत चालून आला नव्हता. गोविंदशेटच्या वखारीच्या बाजूने फेकलेला दिसत होता, शेपटीला तुरीची फोले चिकटलेली.

अण्णा काडी घेऊन आले. गोविंदशेट दारात दात घासत उभा होता. अण्णांनी विचारले तर चूळ भरून म्हणाला, “डॉक्टर, तो माझा नव्हे. माझे उंदीर खाऊनपिऊन तरणेताठे आहेत.” त्याची बायको भागीरथी आतून हसली.

अण्णांनी उंदरावर रॉकेल ओतले, थोडा वेळ थांबून चिमट्याने उचलून जाळला. नेहमीचे त्यांचे सांगणे असते, मेलेल्या उंदराला भ्यायचे नाही, त्याच्या अंगावरच्या पिसवांना भ्यायचे. त्या रॉकेलने मरतात, मग हात लावावा. मग त्यांनी गोविंदशेटच्या घरावर ठिपका दिला. शेपटीवरची फोले हाच पुरावा.

निपाणीहून तंबाखूच्या गाड्यांबरोबर आलेला हा माणूस. आज वखारीचा मालक आहे आणि मेलेला उंदीर शेजाऱ्याच्या दारात टाकतो. आमच्या गल्लीत उंदीर पडला की तो नेहमी दुसऱ्याचाच असतो. दोन पोती तूर विकायची राहील म्हणून शंभर माणसांचा जीव टांगायचा. अशा लोकांत राहून लाज वाटते.


८ नोव्हेंबर

दुसरा ठिपका. गल्लीच्या टोकाला तांबटांकडे, चुलीच्या मागे. निदान त्या बिचाऱ्यांनी स्वतः येऊन सांगितले. अण्णांनी त्यांना टोचले आणि घर धुरी देऊन बंद करायला लावले.

कमलने विचारले, “आत्या, अजून एक पडला तर?” मी म्हटले, पडणार नाही. ती शालूच्या घडीवरून हात फिरवत राहिली. सांगलीच्या वेळी ती अशीच गप्प बसली होती, आणि आठ दिवसांनी मला तिच्या उशीखाली ओला रुमाल सापडला होता.


९ नोव्हेंबर, दुपार

हे लिहावे की नाही, विचार करते आहे. पण वहीशी खोटे बोलायचे नाही हे सिस्टरांनी शिकवले.

मिरजेच्या मंडळींना अंथरूण-पांघरूण लागेल म्हणून मी आणि सखूबाई माडीवरची पेटी उपसत होतो. तळाशी माझे ब्लँकेट होते. कॉन्व्हेंटात एकदा पावसात भिजून मला ताप भरला, तेव्हा सिस्टर अ‍ॅग्नेसनी बोर्डिंगच्या मुलींचे करड्या लोकरीचे ब्लँकेट मला गुंडाळून घरी पाठवले. कोपऱ्यावर तांबड्या दोऱ्याने सतरा आकडा शिवलेला. आई ते घरात घेईना, किरिस्तावांचे म्हणून गोठ्यात टांगले. मी लग्न होऊन निघाले तेव्हा गुपचूप पेटीत घातले. किती घरे बदलली, किती माणसे गेली, ते राहिले.

आज घडी उलगडली तर आत उंदीर मेलेला. पेटीच्या मागच्या बाजूला त्याने भोक पाडले होते. तोंडाशी रक्त, मान सुजलेली. माझ्या ब्लँकेटमध्ये, नेमक्या त्या सतरा आकड्याजवळ. पन्नास वर्षे जपलेल्या एका स्वच्छ गोष्टीत ही घाण.

अण्णा खाली त्यांच्या खोलीत वाचत होते. रॉकेलचा डबा त्यांच्या टेबलाखाली असतो. तो आणायचा तर कशाला ते सांगावे लागले असते.

मी हिशेब केला, तो इथे लिहिते. आमचे घर गोविंदशेटच्या घरापासून बोळाने वेगळे आहे. तांबटांपासून तर लांबच. म्हणजे आमचे घर हे तिसरे. म्हणजे उद्या गल्ली रिकामी, झोपड्या, मिरजेला तार, आणि मागचेच सगळे पुन्हा. एका उंदरासाठी. कोण सांगावे, हाही गोविंदशेटच्याच सोमलाचा असेल. आणि शिवाय अण्णांना पुन्हा लोक हसले तर ते यावेळी उभे राहणार नाहीत. मी त्यांच्यासाठीच गप्प राहिले असे म्हटले तरी चालेल.

सखूबाईला म्हटले, ब्लँकेटसकट उचल आणि मागच्या दाराने नेऊन नाल्यात टाक, कुणाशी बोलू नकोस. ती म्हणाली, “अक्का, इतकं चांगलं कांबळं?” मी म्हटले, टाक. तिने मुटकुळे करून काखेत घेतले आणि गेली. तिला काही किळस वाटली नाही. या बायकांना ती नसतेच.

मी तीनदा हात धुतले.


१२ नोव्हेंबर

अनारसे चांगले झाले. थंडी पडू लागली आहे.

सकाळी सखूबाई भांडी घासायला आली ती अंगावर माझे ब्लँकेट घेऊन. कोपऱ्यावरचा सतरा मला ओसरीवरून दिसला. मी तिला बाजूला घेऊन विचारले, टाकलेस ना? ती म्हणाली, “त्याला टाकलं नाल्यात. ह्याला झटकलं, दोन दिस कुंपणावर वाळवलं. बिडरी अक्का, राहू दे, कशाला फेकायचं. पोरीला आणि मला एकात होतंय. लई ऊब आहे.”

मला शिसारी आली. मेलेला उंदीर ज्यात पडला होता ते अंगावर घेऊन झोपायचे. गरिबी असते हे मान्य, पण गरिबी म्हणजे घाण नव्हे. आमच्या सिस्टर अंगावरचे दोन झगे आलटून पालटून धूत आणि देवदूतासारख्या दिसत. मी एवढेच म्हटले की ते घेऊन आमच्या स्वयंपाकघराजवळ येऊ नकोस, आणि अण्णांसमोर तर मुळीच नको. तिने ते काढून तुळशीमागे ठेवले. दिवसभर हात आणि मान खाजवत होती.


१४ नोव्हेंबर

आज अण्णांनी मला बोलावून नकाशासमोर बसवले. ते सहसा कुणाला विचारत नाहीत. नकाशावर दोनच ठिपके आहेत, आठ तारखेनंतर एकही नाही.

म्हणाले, “अंबू, सहा दिवस एकही उंदीर नाही. इतकं कधी होत नाही. पहिला पडल्यावर एक तर भराभर पडतात, नाहीतर आधीच दोन-चार ठिकाणी पडलेले असतात. गल्लीत फिरलो तर बायका माझ्याकडे बघून दारं लोटतात. काल गोविंदशेटचं मांजर मेलं. माझं मन म्हणतंय, निघावं. नकाशा म्हणतोय, थांब. तू काय म्हणतेस?”

मला वाटले, यांना कळले आहे. पण त्यांचे डोळे तसे नव्हते. मागे एकदा ते स्वतः तापात होते आणि माझ्या हाताने औषध घेताना असेच बघत होते.

मी म्हटले, “नियम तुम्हीच केलात ना? मग त्याचं ऐका. मागे मनाचं ऐकलंत तेव्हा काय झालं?”

ते “खरं आहे” म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मी दिलेले उत्तर शहाणपणाचेच होते. डॉक्टर माणसाने मनावर जायचे नसते. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. आणि ती दारे लोटणाऱ्या बायकांची मला चीड आली. एकेकीच्या घरात काय काय दडवलेले असेल, आणि हा माणूस भिंतीवरच्या कागदाकडे बघत झुरतो आहे. तांबटांची सून काल विहिरीवर मला हळूच म्हणाली, कुंभारांकडे दोन पडले, त्यांनी राखेत पुरले. तिने ते अण्णांना का सांगितले नाही? आणि मी विचारले तेव्हा म्हणते कशी, “तुम्हीच सांगा की अंबूताई, तुमचे भाऊ आहेत.” मी सांगितले नाही. ऐकीव गोष्टीवर ठिपका देता येत नाही, हाही अण्णांचाच नियम.


१७ नोव्हेंबर

सखूबाई आली नाही. कालही आली नाही. लग्न बारा दिवसांवर आणि हिला आताच दांड्या सुचतात. कमल आणि मी भांडी घासली. निरोप पाठवला, तर तिची पोर दारात येऊन म्हणाली, अव्वाला ताप आहे, उठवत नाही. पोर कुंपणाशीच उभी राहिली, आत आली नाही. मी तिला दोन अनारसे दिले.


१८ नोव्हेंबर, संध्याकाळ



ताप म्हणताच अण्णा उठले. मी पेज घेऊन बरोबर गेले. गल्लीच्या मागे नाल्याच्या काठाला सखूबाईची खोली, दरवाजा म्हणजे पत्रा. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. अण्णांनी उकिडवे बसून तिचा दंड वर केला. काखेत लिंबाएवढी गाठ. ज्या काखेत तिने ते मुटकुळे धरून नेले तीच.

अण्णांनी विचारले, “सखूबाई, तुझ्या घरात उंदीर पडला होता का? खरं सांग.”

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितले, त्यांच्याकडे नाही. म्हणाली, “नाही डॉक्टरसाहेब. माझ्या घरात नाही.”

तसे ती खरेच बोलली. तिच्या घरात पडला नव्हताच.

तिच्या अंगाखाली ब्लँकेट होते. अण्णांनी कोपरा हातात धरला. तो आकडा त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे; मी त्यावरून चिडत असे म्हणून ते मला सतरा नंबर म्हणत. त्यांनी विचारले, “हे हिच्याकडे कसं?”

मी म्हटले, “जुनं झालं, थंडी पडली, म्हणून दिलं.”

“बरं केलंस,” अण्णा म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी नकाशाकडे न बघताच सांगितले, उद्या दुपारपर्यंत गल्ली रिकामी. गोविंदशेट वाद घालायला आला. अण्णांनी एवढेच विचारले, “तुझी आई कशी आहे?” तो मागे वळला. तिला दोन दिवस ताप आहे, तो त्याने लपवला होता.

पोरीला अण्णांनी तिथेच टोचले, आणि आमच्याबरोबर घ्यायला सांगितले.


२१ नोव्हेंबर, उणकलच्या वाटेवरचा माळ

सखूबाई काल सकाळी गेली. गोविंदशेटची आई त्याआधी. कुंभारांकडचा एक माणूस आज.

सखूबाईची खोली आतल्या सामानासकट जाळली. ब्लँकेटही. धूर इथून दिसत होता.

माळावर तट्ट्यांच्या झोपड्या, ज्वारीच्या कडब्याची छपरे. पाण्याला लांब जावे लागते. शेजारच्या झोपडीतले लोक उष्टे दारातच टाकतात, कुत्री येतात, पोरे तिथेच बसतात. सगळ्याचाच वीट आला आहे. नाकाला पदर लावून मी दिवस काढते, तरी एक वास जात नाही. काल मी धुतलेले लुगडे पुन्हा धुतले. कमल म्हणाली, “आत्या, स्वच्छच आहे ते.” मी म्हटले, तुला कळत नाही.

सखूबाईची पोर माझ्याजवळ झोपते. तिला पांघरायला मी माझी दुलई दिली. ती म्हणते, अव्वाचे कांबळे जास्त ऊब द्यायचे.


२६ नोव्हेंबर

मिरजेहून पत्र आले. मुलाचे वडील, यशवंतराव, लिहितात: आपल्याकडील वृत्त कळले. आम्हीही प्लेगाची सहा साले झोपड्यांत काढली आहेत, माझा स्वतःचा थोरला मुलगा माळावरच जन्मला. माघातला कोणताही मुहूर्त आम्हाला चालेल. चिरंजीव कमलने काळजी करू नये. आपण आम्हाला आधी कळवले असते तरी आम्ही थांबलो असतो.

कमलने ते पत्र तीनदा वाचले आणि हसली, मग सखूबाईच्या पोरीची वेणी घालू लागली. मी पत्र हातात घेतले. शेवटच्या ओळीपाशी थांबले. पत्र घडी करून ठेवले. घडी नीट बसेना.

संध्याकाळी गल्लीतले पुरुष अण्णांच्या झोपडीपुढे जमले. मी तट्ट्याआडून ऐकत होते. गोविंदशेटचे डोके आईसाठी भादरलेले. तो आवाज न चढवता बोलला. म्हणाला, “मागं उंदीर नसताना आम्हाला बाहेर काढलंत. आता माणसं पडल्यावर काढलंत. डॉक्टर, तुमच्या नकाशापेक्षा माझं मांजर बरं होतं. ते मरून तरी सांगून गेलं.”

कुणी हसले नाही, पण कुणी त्याला थांबवलेही नाही. गटारात उंदीर टाकणारा हा, राखेत पुरणारे ते कुंभार, दारे लोटणाऱ्या त्या बायका, सगळे माना हलवत होते. एकेकाच्या तोंडावर थुंकावे असे वाटले. माझ्या भावाला ज्यांनी आंधळे केले तेच त्याला वाट दिसली नाही म्हणत होते.

अण्णा म्हणाले, “माझं चुकलं.” एवढेच. मग आत येऊन वहीत काही लिहिले. ते बाहेर गेल्यावर मी वाचले. ‘दोन घरांवर थांबलो. तिसरे घर नव्हते. तरी निघायला हवे होते हे मनात आले होते. मनाचेही चुकते, मोजण्याचेही चुकते. आता या कामास मी लायक नाही. यापुढे कुणी विचारू नये.’

तिसरे घर नव्हते.

मी वही होती तशी ठेवली.


२९ नोव्हेंबर

आज मुहूर्ताचा दिवस. बोहल्याऐवजी माळ.

मागे चाळून ही वही पहिल्यापासून वाचली. गोविंदशेट, भागीरथी, तांबटांची सून, कुंभार, सखूबाईची अस्वच्छता. पाने भरली आहेत. प्रत्येक पानाखाली मला तांबडी शाई दिसू लागली. हे तिचे झाले. तुझे?

सकाळी अण्णा अंघोळीचे पाणी तापवायला चुलीपाशी बसले होते. काटक्या ओल्या होत्या. पेटवायला म्हणून त्यांनी भिंतीवरून काढून आणलेला नकाशा कोटाच्या खिशातून काढला आणि उलगडला. तीन वर्षांचे काम. एकेक घर, एकेक बोळ, विहीर, नाला, सगळे त्यांनी पावलांनी मोजून काढलेले. मी त्यांच्या हातातून तो घेतला. त्यांना वाटले मी दुसरा कागद देते आहे.

आत जाऊन मी त्यांच्या पेटीतली तांबडी शाई आणि टाक काढला. आमच्या घरावर ठिपका दिला. बाजूला लहान अक्षरात लिहिले, ९ नोव्हेंबर. कॉन्व्हेंटातले अक्षर, अजून वळणदार येते. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. इतका वेळ लागेल असे वाटले नव्हते.

मग बाहेर नेऊन त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

अण्णांनी चष्मा पुढे ओढला. ठिपक्याकडे बघितले, मग तारखेकडे. ओठ हलत होते. ते मोजत होते, हे मला कळले, नऊपासून अठरापर्यंत. बोटे तीन ठिपक्यांवरून एकदा फिरली. गोविंदशेट, तांबट, आम्ही. कुणाची भिंत कुणाला लागून नाही.

मी वाट बघत होते. ओरडतील, रडतील, कमल हाक ऐकून येईल. मी काय बोलायचे तेही मनात ठरवले होते. कमलचे नाव, सांगलीचे नाव, तुमच्यासाठीच, असे. त्यातले काहीच बोलावे लागले नाही.

ते म्हणाले, “कुठे होता?”

“पेटीत. ब्लँकेटमध्ये.”

“सतरा नंबर.”

मी मान हलवली. पलीकडे सखूबाईची पोर कमलच्या मांडीवर डोके ठेवून गुणगुणत होती. अण्णांनी तिच्याकडे बघितले आणि पुन्हा कागदाकडे. त्यांचा चेहरा मला अनेक वर्षांनी तसा दिसला. उंदीर काडीने उलटा करताना असायचा तसा. शांत, आणि माझ्यापासून फार लांब.

“उचलायच्या आधी रॉकेल घातलं होतं?”

“नाही.”

त्यांनी टाक मागितला. माझ्या तारखेपुढे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिले, ‘रॉकेल नाही.’ मग नकाशा घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, आणि चूल पेटवायला माझ्याकडे दुसरा कागद मागितला.

मी या वहीची मागची कोरी पाने फाडून दिली.